बाजूला

लिंबाजी, आधी वर बघ.
पत्र्याला ते भोक आहे ना, विळ्याच्या पात्यासारखं वाकलेलं,
तिथून गेली होती रिंग.
साडेबाराला ऊन त्यातून खाली उतरतं
आणि कंप्रेसरपाशी एक कोर पडते,
उजळ, वीतभर.
अय्यप्पन उस्ताद तिथेच उकिडवे बसायचे.

कळंबोलीत तेव्हा सगळेच तसे बसायचे.
चाक आडवं, हवा चालू, एक पाय वर दाबलेला,
रिंग खाचेत जाईना म्हणून हातोड्याचे दोन ठोके.
उस्तादांनी एकतीस वर्षं ठोके दिले.
बत्तिसाव्या वर्षीही हात तोच, हातोडा तोच.
रिंग तेवढी दुसऱ्या कंपनीची,
भंगारातून आणलेली, 'बसते की' म्हणून.
बसली होती.
नव्वद पॉइंटपर्यंत अगदी छान बसली होती.

आवाज मला आठवतच नाही.
आठवतं त्यानंतरचं:
स्टील मार्केटातल्या सगळ्या क्रेन एकदम थांबल्यासारखं,
आणि मग मागच्या प्लॉटात, सळयांच्या ढिगावर,
खणकन पडलेलं काहीतरी.

पालघाटहून भाऊ आला त्यांचा.
मोडक्या हिंदीत एवढंच विचारलं, कुठे होता तो?
समोर, म्हणालो.
दुसरं काय सांगणार.

तर ऐक. हवा काही आपली मावशी नाही.
नटाला पाना लावायच्या आधी वॉल्व्हची पिन काढ.
जोडीतलं आतलं चाकही रिकामं कर, दोन्ही.
वॉल्व्हमध्ये तार घालून बघ, चिखल बसलेला असतो,
आणि सुसकारा थांबला म्हणजे हवा संपली असं नाही.
रिंग ब्रशने घास.
गंजाचे पापुद्रे सुटले, कड खाल्लेली दिसली,
तर ती आपली नाही, आणि भंगारवाल्याचीही नाही.
कटरने दोन तुकडे कर, म्हणजे पुन्हा कोणाची होणार नाही.
चपटं चालवून आणलेलं टायर आलं
तर लगेच नळी लावू नकोस. खोल, आत हात फिरव,
भिंतीतल्या तारा तुटल्या असतील तर बोटांना कळतं.
आणि टायर चढलेलं असताना कोणी म्हणालं
डिस्कला जरा वेल्डिंग मार,
त्याला परत पाठव. शिव्या खा. पोट भरतं.

हा पिंजरा उस्तादांच्या नंतर बनवला,
उरलेल्या पाइपांचा. वेल्डरने पैसे घेतले नाहीत.
पहिली दोन वर्षं पोरं त्यात कांदे ठेवायची,
बनियनी वाळत घालायची.
घुले ड्रायव्हरने तर एकदा कोंबडी बांधली होती,
देवाला निघालेली.
मी कोंबडी सोडली, कांदे काढले,
चाक आत ढकललं. रोज.

चिमटा लावायचा, नळी लांब घ्यायची,
आणि बाजूला.
चाकाच्या तोंडासमोर नाही, पाठीसमोर नाही,
धावेच्या अंगाला, नळी पुरेल तेवढं लांब.
रिंग वाकडी दिसली तर हातोडा नाही.
हवा सोड सगळी, पुन्हा पहिल्यापासून.

काल रात्री तो कंटेनरवाला आला, उरणला निघालेला.
दोनला गेट बंद होईल म्हणत होता,
पिंजरा कशाला, पाच मिनिटांचं तर काम.
तू माझ्याकडे बघितलंस.
तोंडाने काही बोलला नाहीस,
पण तुझा पाय, लिंबाजी, मी पाहिला,
रिंगकडे निघाला होता.

चाक पिंजऱ्यात गेलं. एकशे दहा पॉइंट भरले.
तो चिडून चहासुद्धा न पिता गेला.
गेट मिळालं की नाही, माहीत नाही.

पावसात त्या भोकाखाली मी बादली ठेवतो.
बाराशेचा पत्रा, बदलत का नाही, असं तू विचारलंस
पहिल्याच दिवशी. तेव्हा मी खोकलो होतो.

आता साडेबारा झालेत.
खाली बघ.
कोर तुझ्या पायावर आहे.

सरक.