डबीतला कापूस

त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा बाकावर बसले.
चष्मा विसरला की फळा नुसता धुरकट,
आणि शेजारी डॉक्टर ओजस फिरोदे, वय सव्वीस,
जो माझ्याआधी सगळं लिहून मोकळा होतो
आणि हळूच विचारतो,
"सिस्टर, शीर सापडतच नसली की काय करायचं हो?"

पदव्युत्तर पदविका. एक वर्ष.
करमाळ्याहून रजा मंजूर व्हायला सात महिने लागले.
लेक म्हणाली, आई, तुझ्या प्रगतिपुस्तकावर आता मी सही करणार.

स्टेशनवरून औंधची बस. मांडीवर वही:
रक्तातल्या विषाणूंची मोजदाद,
कुठलं औषध टीबीच्या गोळीशी भांडतं,
भांडलं तर मात्रा किती वाढवायची.
कंडक्टर पुस्तकाचं नाव वाचतो
आणि सुटे पैसे तळहाताला न टेकता
वरूनच सोडतो.
मी मोजते. नऊ रुपये. बरोबर आहेत.

मंगळवारी तांबोळी बाई येतात.
वेळापत्रकात त्यांच्या नावाआधी काही नाही, नंतरही काही नाही.
सतरा वर्षं गोळी घेते, म्हणाल्या, रोज रात्री, जेवल्यावर,
आणि पर्समधून डबी काढून हलवली.
"हा आवाज कसला?"
तीस गोळ्या, एका महिन्याच्या, फिरोदे म्हणाला.
"नाही. हा आवाज सासूला ऐकू जातो.
एसटीत मागच्या सीटवर ऐकू जातो."
मग झाकण उघडून त्यांनी आत कापूस कोंबला,
पुन्हा हलवली.
वर्गात पंखा चालू होता, एवढंच कळलं.

त्यानंतर आमचं प्रात्यक्षिक.
फिरोदे समुपदेशक, मी पेशंट.
त्याने कागदावरून नीट वाचलं, आवाज मऊ ठेवून,
"तुम्हाला काही विचारायचंय का, ताई?"
माझ्या कागदावर लिहिलं होतं: मला किती दिवस गोळ्या घ्याव्या लागतील.
तोंडातून आलं,
"माझ्या खाटेवर लाल फुली कुणी मारली?"

त्याने पान उलटून पाहिलं. पुढच्या पानावरही नव्हतं.

फुली मी मारली होती.
नोकरीचं पहिलं वर्ष, थंडीचे दिवस,
सुलन, दुसरं बाळंतपण.
दोन हातमोजे एकावर एक,
आणि मुलगा तिच्याकडे दिला तो
हात होते तेवढे लांब करून.
ती म्हणाली, "सिस्टर, पोर हाय ते. तापला तवा न्हाय."

मला कुणी रागावलं नाही.
तेव्हा ते नियमात बसत होतं,
किंवा नियमच नव्हता, आता आठवत नाही.
हे सोयीचं आहे, आता आठवत नाही म्हणणं.

तांबोळी बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही.
"पुढचं विचारा, डॉक्टर."
फिरोदेने कागद खाली ठेवला.
"मग तुम्ही काय केलंत?"

आणि मी सुलन होऊन बसलेली,
मला माहीतच नव्हतं सुलनने काय केलं.
रजिस्टरात तिच्या नावापुढे पुढच्या तारखेचा चौकोन होता,
तो कोराच राहिला.
मी नवं रजिस्टर सुरू केलं जानेवारीत.

मे महिन्यात परीक्षा. प्रश्न पाचवा, गुण दहा:
रुग्ण औषधात खंड का पाडतात, कारणे लिहा.
आठ लिहिली. बसभाडं, दारू, भीती,
मळमळ, स्थलांतर, घरची, गावची,
बरं वाटायला लागणं.
नववं लिहिलं: सिस्टर.
तपासणारे काट मारतील. मारू देत.

संध्याकाळी दुकानातून कापसाचं बंडल घेतलं,
पाव किलोचं. दुकानदार म्हणाला, दवाखाना काढताय का?
करमाळ्याच्या टेबलाचा उजवा खण रिकामा आहे.

तांबोळी बाई म्हणतात,
कापूस लागणारच नाही असं काम करा.
करते, बाई.
तोवर कापूस.