सहीचा रकाना

जहाज अथेन्समधल्या कुणाचं तरी,
झेंडा लायबेरियाचा, विमा लंडनचा,
तेल बसऱ्याचं, भाड्यानं घेतलं सिंगापूरवाल्यानं,
आणि सगळ्यात खाली, इंजिनरूमच्या भट्टीत,
फिटर म्हणून मी :
बाहुबली मगदूम, मुक्काम भिलवडी, तालुका पलूस.

जहाजाच्या तळाला पाणी साचतं.
थोडं समुद्राचं, थोडं यंत्रांनी गाळलेल्या घामाचं, तेलकट.
ते यंत्रातून स्वच्छ करून मगच सोडायचं.
दहा लाख थेंबांत पंधरा थेंब तेल चालतं,
सोळावा चालत नाही.
कुठल्याशा थंड शहरात लांबलचक टेबलावर हे ठरलं,
देशोदेशींच्या लोकांनी माना डोलावल्या,
आणि तो कागद आमच्याकडं आला
तो चहाच्या किटलीच्या वर चिकटवला गेला,
वाफेनं एक कोपरा सुटलेला.

बिस्केच्या आखातात गाळणयंत्र बसलं.
सुटा भाग मागितला, तर ऑफिसचं उत्तर :
पुढच्या बंदरात बघू.
पुढचं बंदर आलं आणि गेलं.
मग रात्री दोनला चीफ इंजिनियर खाली उतरला,
सिगारेटच्या पाकिटावर चित्र काढून :
दोन फ्लँज, एक बाक, सव्वा मीटर पाईप.

कशाला, असं मी विचारलं नाही.
हे इथं लिहितो,
कारण तेलाच्या वहीत ते लिहिलेलं नाही.
तिथं प्रत्येक ओळीला तारीख, वेळ, आकडा,
आणि सहीचा रकाना. सगळ्या सह्या सुवाच्य.

रॉटरडॅमला तपासणीला एक बाई आली.
बॅटरी घेऊन पालथी पडली पत्र्याखाली,
हातमोजा काढून पाईपवरून बोट फिरवलं.
वेल्डिंगची शिवण म्हणजे अक्षरच असतं माणसाचं.
माझं जरा डावीकडं झुकतं,
पलूसच्या वर्कशॉपात शिरतोडे उस्तादानं
कान पिळून पिळून सरळ झालं नाही ते.

"हे कुणी केलं?"

कॅप्टननं चीफकडं बघितलं,
चीफनं छताकडं.
छताच्या वर फोन, फोनच्या पलीकडं कंपनी,
कंपनीच्या मागं वकील,
आणि जो तो आपापल्या कलमापुरता बरोबर.

मी म्हणालो, मी.
खरंच होतं ते.
पण अख्खं नव्हतं.

आता पुलाच्या रस्त्याला दुकान आहे.
उसाच्या ट्रॉल्या, फाटकं, एखाद्या घराचा जिना.
दिवाळीनंतर गाळप सुरू झालं
आणि एक जण आला मोटारसायकलवर,
वरच्या अंगाच्या कुठल्याशा कारखान्यातला,
मोबाईलमध्ये फोटो दाखवत :
दोन फ्लँज, एक बाक. जरा लांब पाईप.
ओढ्यापर्यंत न्यायचाय म्हणाला, रात्रीच्या कामाला.

मी म्हटलं, चित्र कागदावर आणा,
खाली सही आणा, ज्यानं सांगितलं त्याची.
तो हसला. "मगदूम, पाईप मागतोय, खरेदीखत नाही."
किक मारून गेला.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
दुपारी जेवून जरा पडलोही.

चारला सुकुमारचा फोन.
माझ्याच हाताखाली शिकलेला पोरगा,
नाक्यावर स्वतःचं दुकान टाकलंय, हप्ता चालू आहे.
"काका, एक पाईप आलाय. पैसं बरं देत्यात.
तुमच्याकडनं आलोय म्हणाला. करू नव्हं?"

मागं ग्राइंडर चालू होता, मग थांबला.
खिडकीतून कृष्णा दिसत होती,
कडेला दोन बाया धुणं धूत होत्या,
एक पोरगं गळ टाकून बसलेलं.

म्हटलं, सुकुमार,
अक्षरं ठोकायचे पंच आहेत का तुझ्याकडं?
"हैत की."
पाईप केलास, तर त्यावर तुझं नाव ठोक. खोल.
त्याच्या वर, सांगणाऱ्याचं.
तो सांगत नसेल, तर जागा मोकळी ठेव,
येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे.

तो गप्प झाला. मग म्हणाला,
"आणि तुमचं, काका?"

मी नदीकडं बघत होतो.
ठोक म्हटलं. तुझ्या खाली.
शिवण डावीकडं झुकते ना तुझीसुद्धा?