झेलेनाचं रीडिंग

सस्कॅचवानच्या नकाशात झेलेना अजून ठिपक्याएवढं आहे,
माशी बसून उडाल्यासारखं.
हमरस्ता तिथे जात नाही, जवळून जातो.
मी मात्र वळतो. महिन्यातून एकदा, पगारी.

रूळ उचलून नेले त्याला तेहेतीस वर्षं झाली.
धान्याचा लाकडी मनोरा पाडला तेव्हा
दोन दिवस कबुतरं म्हणे
नसलेल्या छपरावर उतरायला बघत होती.
हे पारास्केव्हियानं सांगितलं,
पोस्टाची किल्ली गळ्यात घालून
जी यॉर्कटनला राहायला गेली.
पोस्ट त्याआधीच जळालं होतं.

घरं गेली की तळघरांचे खड्डे उरतात.
कडेला लायलॅक, कुणालाही न विचारता जांभळा.
आणि जिथे स्वयंपाकघराचं पाणी जायचं
तिथे रुबार्ब:
अळूसारखी रुंद पानं, लालभडक देठ.
मी एक मोडून खातो.
दुपारभर दात आंबलेले राहतात.

गावात सत्तावीस मीटर.
सव्वीस गंजले, त्यांतल्या एकात चिमणीचा संसार.
सत्ताविसावा फिरतो.
चर्चच्या ओसरीवरचा एक बल्ब,
महिन्याला चार, साडेचार युनिटं.

बिल भरतो ओनुफ्री, वय ब्याण्णव,
वृद्धाश्रमातून, चेकवर सही वाकडीतिकडी.
एकदा विचारलं, आजोबा, कशासाठी?
म्हणाला, शेवटच्या सभेत सगळ्याची वाटणी झाली.
घंटा कुणाकडे, बाक कुणाकडे,
मयताची ढकलगाडीसुद्धा कुणीतरी नेली.
बल्ब कुणी मालवायचा, ते ठरायचं राहिलं.
आता ठरवायला
मी एकटा. एकट्याची सभा होत नाही.

मग ऑफिसातून कागद आला: जोडणी तोडा.
नोव्हेंबर होता. खांबाला शिडी लावली,
पक्कड काढली,
आणि पाच वाजताच अंधारून बल्ब लागला.
खाली माझी गाडी दिसली, माझ्या पावलांचे ठसे दिसले,
बर्फात फक्त जाणारे.

उतरलो. रकान्यात लिहिलं:
'आवारात मोठा कुत्रा. काम होऊ शकलं नाही.'

कागद पुन्हा आला. कुत्रा पुन्हा होता.
असं तीन वर्षं.
ऑफिसातल्या नव्या मुलीनं फोनवर विचारलं,
रंग कोणता, फॉर्मवर लिहायचाय.
काळा, म्हटलं. एक कान पांढरा.

परवा झेलेनाला गाडी थांबवली
आणि दार उघडण्याआधी
काच थोडी खाली करून
शीळ घातली.