काचघरातलं अळू

ऑक्सफर्ड. बाहेर दोन डिग्री.
काचघराचं दार ढकललं
आणि चष्म्यावर वाफ आली.
पुसून पाहते तर समोर अळू,
काळ्या देठाचं,
गळ्यात लॅटिन नावाची पाटी
आणि खाली: विषारी. हात लावू नये.

आमच्याकडे न्हाणीच्या सांडपाण्यावर
न लावता माजायचं.

माळीणबाई नळी गुंडाळत होत्या.
छातीवर नाव: ग्वेनिथ.
म्हटलं, हे आम्ही खातो.
त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पाटीकडे.
"आणि घसा?"
खाजतो. म्हणून चिंच.

खिशातली पेन्सिल काढून
त्यांनी पाटीच्या मागे लिहून घेतलं,
स्पेलिंग मला विचारून.

अळवावरचं पाणी मात्र
तिथल्यासारखंच,
कुठं थांबावं ते न ठरवता
पानभर हिंडत होतं.