तीन खंडी, सात कुडव

रविवारी दहाला कोमुनिदादीचं ऑफिस उघडतं.
कुडतरीच्या तळ्यावरून वारा आत येतो, कागद दाबून ठेवावे लागतात.
मी लॅपटॉपवर काळी खिडकी उघडते.
तिला दोनच प्रश्न विचारता येतात:
तुझ्यापाशी काय आहे?
तुला काय हवं आहे?

आधी तिची परीक्षा घेतली.
पाच फूट दोन इंच, माझी उंची. सेंटिमीटर हवेत.
उत्तर दोन ओळींत आलं,
वरच्या ओळीत गुणायचं, खालच्या ओळीत भागायचं,
जसा एकच हिशेब
घेणेकऱ्याला आणि देणेकऱ्याला वेगवेगळा दाखवावा.

मग नोंदवही. पोर्तुगीज वळणाचं अक्षर, वाळवीची भोकं.
शेत एकेचाळीस: तीन खंडी, सात कुडव.
तुझ्यापाशी काय आहे?
कुडव.
असलं माप माहीत नाही, म्हणाली.

शिकवलं. साध्या फाइलीत लिहिलं,
वीस कुडवांची खंडी, वीस खंडींचा कुंभ.
कपाटावरचं लाकडी माप उतरवून
तांदळाने भरलं, लिटरने मोजलं,
दोनदा, कारण तळाशी चीर होती.
आता सांग: तीन खंडी, सात कुडव.
हवेत चौरस मीटर.

जुळत नाही, म्हणाली.
एक भांड्यात मावतं, दुसरं जमिनीवर पसरतं.

रुजार मानशीची दारं लावून आला होता,
पोटऱ्यांपर्यंत खाजनाचा चिखल.
"खंडीचं शेत म्हणजे खंडीभर बी पुरतं ते."
म्हणजे किती चौरस मीटर?
"मोरडीत वेगळं, खाजनात वेगळं.
आणि पेरतो कोण?
माझा बापूय मूठ घट्ट धरायचा.
तियू आंतोन उधळायचा,
त्याची खंडी अर्ध्या शेतातच संपायची."

रकाना रिकामा ठेवता येत नाही.
सर्व्हेच्या नकाशावरून आकडा काढला,
तीन खंडी सात कुडवांनी भागला, फाइलीत घातला.
पुढे # अशी खूण केली.
त्या खुणेपुढचं यंत्र वाचत नाही.
तिथं लिहिलं:
फक्त शेत एकेचाळीससाठी. खाजन. बी कोरगुट.
पेरणारा मूठ घट्ट धरायचा.

रुजार दारात चपला शोधत होता.
बापाचं नाव काय?
"मिंगेल."
मग परत वळून, माझ्या खांद्यावरून वाचत:
"त्या वर्षी बी कोरगुट नव्हतं.
ते खोड."