काळी वायर

घणसोलीचा विघ्नेश भोईर गाडी लावतो ती आडवीच,
अर्धी पुलाच्या सावलीत, अर्धी उन्हात,
आणि उतरायच्या आधीच सुरू होतो:
"दादूस, शनवारी हलद हाय, न ह्यो मधीच मरतो."

मरत नाही. मी ऐकलंय.
गाणं चालू असतं, अ‍ॅम्पचा दिवा हिरवा असतो,
ढोल पडतो तसा लाल होतो
आणि गाडीत एकदम तुर्भे नाका ऐकू येतो:
कंटेनरचे ब्रेक, उसाच्या चरकाचे घुंगरू.
चार सेकंद. मग पुन्हा हिरवा,
जसं काही झालंच नाही.

तीन दुकानं करून आलाय.
एकाने फ्यूज बदलला, दुसऱ्याने दुप्पट जाड बसवला,
तिसऱ्याने अ‍ॅम्पच नवा विकला.
जाड फ्यूज मी आधी काढला.
"तो जळतो ते तुझी गाडी जळू नये म्हणून," म्हटलं,
"त्याच्यावर कसला राग काढतोस?"

मग मीटर.
बॅटरीवर, इंजिन चालू: चौदा पूर्णांक दोन. छान.
अ‍ॅम्पच्या तोंडाशी, गाणं बंद: चौदा.
गाणं लावलं. ढोल. दहा.
दुसरा ढोल. नऊ पूर्णांक आठ.
वाटेत चारेक व्होल्ट कोणीतरी खातंय.

शशिधरन मास्तर म्हणायचे, त्यांच्या त्या मराठीत,
"जाणारा रस्ता सगळे बघते.
परत येणारा कोण बघते?"

लाल वायरीचं कौतुक सगळ्यांना,
बोटाएवढी जाड, नळीत घालून आणलेली.
काळीला वीतभर तुकडा,
दिसेल त्या भोकात बोल्ट.
लाल तपासली: अर्धा व्होल्टही नाही.
मग एक काडी अ‍ॅम्पच्या अर्थवर,
दुसरी, लांब वायर जोडून, पुढे बॅटरीच्या उण्यावर.
ढोल पडला
आणि आकडा उडी मारून साडेतीनवर जाऊन बसला.

मागचं सीट काढलं.
शेंगांची टरफलं, एक हेअरपिन,
वाशी टोलच्या जुन्या पावत्यांचं भेंडोळं.
गालिचा उचलला. बोल्ट होता.
बोल्टखाली वॉशर, वॉशरखाली करडा रंग,
कंपनीचा, अजून शाबूत.
जी काय वीज परतत होती ती आट्यांमधून, गंजातून,
अंग चोरत.

आणि वायरीवर हिरवी टेप.
तीन वेढे, शेवटचं टोक दुमडलेलं.

टोक दुमडायला मास्तरांनी शिकवलं होतं.
"नंतर उघडणाऱ्याच्या नखाला सापडले पाहिजे."
अख्ख्या नाक्यावर असं करणारे दोघंच.
मास्तर चौदा साली पालक्काडला गेले ते गेलेच,
पण मास्तर रंग खरवडल्याशिवाय बोल्ट आवळत नसत.

म्हणजे मी.

एकोणीस वर्षांचा, कुठल्यातरी संध्याकाळी,
शेवटची बस चुकेल म्हणून
बोल्ट पिळून, गालिचा टाकून, हात झटकून निघालेला.
गाडी तेव्हा कोणाची होती, आठवत नाही.
पैसे पुरे घेतले असणार.

टोक नखाला लगेच सापडलं.

पॉलिश पेपरने घासत बसलो.
रंग गेला, खालचा थर गेला,
रुपयाएवढा पत्रा उघडा पडला, लख्ख.
नवी लग, दातेरी वॉशर, वर ग्रीसचं बोट.
विघ्नेश डोकावला. "काय होता?"
"अर्थ लागत नव्हता."
तो हसला. त्याला वाटलं मी गंमत केली.

ढोल. तेरा पूर्णांक आठ.
ढोल. तेरा पूर्णांक सात. दिवा हिरवाच.

पैसे विचारले तेव्हा म्हटलं, राहू दे, जुनं काम आहे.
"कुनाचा?"
"इथल्याच एका पोराचं."
"हलकट हाय," तो म्हणाला.
मी हो म्हटलं आणि टेप शोधायला वळलो,
मग आठवलं, ती लावून झाली होती.

गाडी पावण्याच्या दिशेने गेली, काचा खाली, आवाज पूर्ण.
सिग्नलपर्यंत मी कान लावून उभा,
आता तुटेल, आता.
मागे चरकवाला घुंगरू वाजवत होता.