अकरा नंबरची खुंटी

नकाशात हा माळ पिवळा आहे.
पिवळा म्हणजे पडीक.
साक्रीच्या कचेरीत कुणीतरी कधीतरी
बसल्या जागी रंगवलेला.

मी त्यावर अठरा खुंट्या ठोकायला आलो होतो,
लाल टोकांच्या, नंबर घातलेल्या.
पिशवीत कळण्याची भाकरी, गळ्यात जीपीएस,
आणि कानात असा वारा
की स्वतःचं नावही दोनदा सांगावं लागे.

वारा चांगला होता, हे आधी लिहून ठेवतो.
मोजणीच्या मनोऱ्यावर वाट्या वर्षभर गरगरल्या होत्या,
आकड्यांत खोट नव्हती.
दोंडाईच्याला मे महिन्यात लाईट जाते
तेव्हा माझी मुलगी घामाने दचकून उठते.
पवनचक्कीशी माझं वैर नाही.

दहा खुंट्या मुरमात गेल्या, ठक ठक.
अकरावी गवतात.
कुसळी गुडघ्याला, पवन्या कमरेला.
हातोडा उचलला आणि मागून आवाज आला:
"तठे नको, भाऊ. तठे त्या निजतस."

सोजाबाई ठेलारी.
मागे साठेक मेंढ्या, काखेत एक लंगडं कोकरू.
कोण निजतात, विचारलं.
"सांजलगून थांब."

थांबलो.
बारीकडच्या जुन्या पवनचक्क्यांमागे सूर्य उतरत होता,
पात्यांनी कापलेला, फाकाफाकांनी.
मग एक पक्षी आला, जमिनीलगत,
गवताला न शिवता गवत चाचपत.
मग चार.
राखेच्या रंगाचे नर, मातीच्या रंगाच्या माद्या.
मग मोजणं चुकलं, पुन्हा पहिल्यापासून धरलं.
एक्केचाळीस.
घिरट्या घालत एकेक खाली गेला
आणि जिथे गेला तिथे गवत मिटलं.

पुस्तकात यांना भोवत्या म्हणतात. मी तिला सांगितलं.
ती म्हणाली, "मन्हा पाव्हना शेतस त्या.
कापूस येचाले लागना का येतस,
होयी झायी का जातस."
कुठून येतात?
"त्यासना गाव कोनले माहीत!"
आणि मेंढ्या वळवताना, माझ्याकडे न बघता,
"वारा त बठ्ठीकडे शे, भाऊ.
गवत आठेच शे."

रात्री जीपमध्ये नकाशा उघडला.
अकरा, बारा, तेरा: तिन्ही त्यांच्या अंथरुणात.
पहाटे ते जिथवर चढतात
तिथेच पात्याचं खालचं टोक फिरणार.
मला आठवलं गेल्या वर्षीचं काम,
बारीच्या चक्क्यांखाली गोल गोल चालायचं, मान खाली घालून,
सापडेल ते कागदी पाकिटात.
वटवाघळं, अंगावर ओरखडा नसलेली.
सत्तावीस नंबरच्या पाकिटात नुसता पंख.
रजिस्टरात 'शेरा' नावाचा रकाना होता,
तो मी कोराच सोडत असे.

धुळ्याला भामरेसाहेब म्हणाले, सातशे मीटर?
रस्ता, केबल, मातीची तपासणी पुन्हा,
कोण भरणार?
मी आकडे मांडले. एक्केचाळीस सांगितले.
मग सोजाबाईचं वाक्य, तिच्याच बोलीत.
साहेब पिंपळनेरचे. पेन थांबलं.
"कोन म्हने हाई?"
आईच्या घरात शिरल्यासारखा आवाज झाला त्यांचा, क्षणभर.
मग घसा खाकरून त्यांनी अकरा आणि बारा
खडकाळ बरडावर सरकवल्या.
तेरावीचं बघू, म्हणाले.

तेरावीचं कुणी बघितलं नाही.

यंदा कापूस वेचणीला पुन्हा गेलो.
बरडावर दोन चक्क्या फिरत होत्या, नीट, निवांत.
तेरावी गवतातच उभी,
तिची सावली सांजेला अंथरुणावरून
जात होती, येत होती.
मी मोजले. अडतीस.
तीन कुठे गेले ते मला माहीत नाही.
वाटेत, दूर उत्तरेकडे कुठेतरी,
की इथेच,
की माझंच मोजणं चुकलं.
चक्कीखाली गोल फिरलो, काही सापडलं नाही.
पण इथे रात्री कोल्हंही फिरतं.

सोजाबाई तिथेच होती.
उपटलेली अकरा नंबरची खुंटी तिने
दगडांत पक्की ठोकली होती,
आणि तिला ते लंगडं, आता चांगलं थोराड झालेलं,
दोरीने बांधलं होतं.